शबूट डोहाची साक्ष

त्या उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की म्हशींना बसायला जागा उरली नाही. दलदलीतली म्हैस उभी दिसली की समजावं, घराचे दिवस फिरले. एरवी ती सकाळी पाण्यात बसणार, नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून दिवसभर रवंथ करणार आणि तिन्हीसांजेला मालकिणीच्या हाकेसरशी पोहत घरी येणार. आता ती चिखलात गुडघाभर उभी, पाठीवर ऊन, अंगावर वाळून भेगाळलेला गारा. शनावा रोज पहाटे त्यांच्याकडं बघायचा आणि तोंड फिरवायचा. बघवतच नव्हतं त्याला.

वसंतात अकरा होत्या. आता सात राहिल्या होत्या.

फिद्दा धार काढायला बसली होती. फिद्दा म्हणजे शनावाच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ मुतशर जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात माणसं तीनच, फिद्दा, तिचा मुलगा मदलूल आणि शनावा. मदलूलची बायको पोरं घेऊन माहेरी गेली होती, कारण तिथं नळ होता. नळासाठी बाई नवरा सोडून जाते, असे दिवस आलेले.

"किती निघालं वहिनी?"

"विचारू नका भावजी. भांड्याचा तळ झाकलाय, एवढंच."

"खारं पाणी पित्यात बिचाऱ्या. दूध कुठनं द्यायच्या?"

"दूध बी खारटच लागतंय. साय धरत न्हाई. काल बाजारातली ती बाई तोंडावर म्हणाली, फिद्दा, तुझ्या म्हशी रडून दूध देत्यात का गं?" फिद्दा हसली, पण हात थांबला तिचा. "म्हटलं, व्हय बाई, तुझ्यासारखं गिऱ्हाईक बघून रडू येतं त्यास्नी."

शनावानं विळा कमरेला खोचला, काठी घेतली आणि वैरणीला निघाला. पूर्वी होडी घराच्या दारातून सुटायची आणि हात लांब केला की कोवळा बोरू हाताला लागायचा. आता होडी चिखलातून ओढत न्यायची, मग उतरून कोसभर चालायचं, तेव्हा कुठं हिरवं दिसायचं. पासष्टी उलटलेली त्याची. गुडघे कुरकुरायचे. बोरूची धार हाताला लागून तळवे असे झाले होते की त्यावर विडी विझवली तरी कळलं नसतं. भारा बांधून खांद्यावर घेतला की तो मनाशी म्हणायचा, उगाच जगलो बाबा इतका. पाण्यातला माणूस कोरड्यात कशाला मरतोय!

शनावाची गोष्ट दलदलीत कुणाला सांगावी लागत नव्हती. तो जन्मला तेव्हा घरच्यांनी नाव ठेवलं वबरिया. चौदाव्या वर्षी त्यानं बापाला सांगितलं, "मी बायांत बसणार न्हाई. शेण थापणार न्हाई. मला होडीची काठी दे." बाप दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं काठी दिली आणि सोबत स्वतःचा जुना झगाही दिला. त्या दिवसापासून तो शनावा. अशी माणसं इथं पहिल्यापासून होती. बाईच्या देहानं आलेली, बाप्या म्हणून राहणारी. त्यांना मुस्तरजिल म्हणतात. त्यांनी मासा मारावा, रानडुकराच्या मागं जावं, मुधीफमध्ये पुरुषांच्या रांगेत बसावं. मुधीफ म्हणजे टोळीचं पाहुणघर, बोरूच्या जाडजूड कमानींचं, आणि तिथं बसायला मिळालं म्हणजे माणूस माणसांत आला.

पहिल्यांदा तो तिथं बसला तो दिवस शनावा कधी विसरला नाही. कॉफीवाला रांगेतून कप देत आला आणि त्याच्यापुढं येऊन थबकला. पोरगं पंधराचं, मिशीचा पत्ता नाही, आणि सगळ्यांना ठाऊक की हे कोण. तेव्हाचा शेख म्हातारा, एका डोळ्यानं आंधळा, जिभेचा तिखट. तो वरून ओरडला, "हात दुखतो का रं तुझा? पुढं कर की कप!" कप पुढं आला. कडूजहर घोट, घशातून खाली जाताना डोळ्यांत पाणी आलं, आणि बाजूला बसलेल्या खयूननं कोपर मारलं. खयून त्याच्याच वयाचा, पलीकडच्या बेटावरचा. "पहिल्यांदा सगळेच रडत्यात," तो म्हणाला. पुढं पंचवीस वर्षं ते दोघं एका होडीत भाले घेऊन शबूट मासा मारायला जात. एकानं काठी मारायची, दुसऱ्यानं पुढं उभं राहून नेम धरायचा. काय ते मासे! काय ते पाणी! तळातली शेवाळं हलताना दिसायची.

मग सरकारनं पाणी अडवून दलदल वाळवली ती वर्षं आली. सगळे शहराकडं पांगले. शनावानं विटांच्या भट्टीवर काम केलं, मुतशरनं हमाली केली. शहरात मोठी अडचण आंघोळीची. इथं बोरूच्या बनात माणूस शिरला की देवालाही दिसायचा नाही, तिथं चार खोल्यांना एक नळ. तेव्हापासून फिद्दानं एक रीत धरली. दोरीवर चटई टाकायची आणि तो आतून "झालं" म्हणेपर्यंत पाठ करून बाहेर उभं राहायचं. कुणी आलं तर म्हणायची, "दीर आंघोळ करतोय, नंतर या." ना कधी तो काही बोलला, ना कधी ती. पाणी परत सोडलं आणि सगळे परत आले, तरी ही रीत राहिलीच, कारण बन पहिल्यासारखं दाट झालंच नाही.

आता या उन्हाळ्यात एकच जागा गोड्या पाण्याची राहिली होती, शबूट डोह. उत्तरेकडून नदीचा एक बारीक फाटा त्यात येतो, म्हणून तो आटतही नाही आणि खाराही होत नाही. मासा नावालाही उरला नव्हता, पण म्हशी बसतील एवढं पाणी होतं. डोह शनावाच्या बापाचा. पण परतल्यावर इतकी वर्षं सगळीकडंच पाणी होतं, तेव्हा कुणाचा डोह आणि कुणाचं काय, कोण विचारतंय? पाणी गेलं आणि हद्दी वर आल्या.

एका सकाळी मदलूल म्हशी घेऊन डोहावर गेला तर कडेनं काटेरी तार. तारेपाशी खयूनचा मुलगा रहीम, तीस-बत्तीसचा, शहरात शिकून आलेला. मदलूल घरी आला तो फाटक्या बाहीनं.

"म्हणतो डोह त्यांचा. त्याच्या आजाचा होता म्हणं."

"त्याच्या आजाचा!" शनावा उठून उभा राहिला. "त्याच्या आजासमोर खांब ठोकल्यात. होडी मी धरली होती. खयूनला विचारलं?"

"खयूनकाका घराबाहीर आलं न्हाईत."

ते ऐकून शनावा खाली बसला. शिवी त्याच्या तोंडात तयार होती, पण ती बाहेर पडेना. खयूनच्याही म्हशी होत्या, नऊ. त्याही उभ्याच होत्या.

मग व्हायचं तेच झालं. मध्यस्थ बोलावले. पलीकडच्या गावचा सय्यद नूर, सालस माणूस, चाळिशीचा, हिरवी पट्टी कमरेला. त्याचा शब्द दोन्ही घरांनी मानायचा ठरला. रिवाज साधा होता. हद्दीच्या तंट्यात, स्वतः हजर असलेल्या एका पुरुषानं अब्बासची, म्हणजे खोटं बोलणाऱ्याला न सोडणाऱ्या अवलियाची, शपथ घेऊन साक्ष दिली की काम झालं. बाईची साक्ष असेल तर दोघी लागतात. हद्द ठरली तेव्हा हजर असलेल्यांत जिवंत आता एकटा शनावा.

"मग काळजी कशाची?" फिद्दा म्हणाली. तिनं त्याचा पांढरा झगा गोड्या पाण्यात धुतला. प्यायच्या पाण्यातलं पाणी काढलं बाईनं. शनावा ओरडला, तर म्हणाली, "एक दिवस कमी पिऊ. चार माणसांत मळकं जायचं न्हाई."

मुधीफ भरलेलं होतं. अकरा कमानी, दोन्ही बाजूंनी माणसं, मधे चूल आणि कॉफीची भांडी. शनावा आपल्या घराच्या जागी बसला, शेजारी मदलूल. समोर खयून आणि रहीम. खयूननं सलाम केला, पण नजर शनावाच्या हनुवटीपाशीच थांबली.

सय्यद म्हणाला, "सांगा शनावा. काय पाहिलंत?"

शनावानं हात पुढं केला, शपथ घेतली आणि सांगायला लागला. त्याला वाटलं होतं, चार वाक्यांत सांगू. पण एकदा तोंड उघडल्यावर ते सगळं पाणीच वर आलं.

"मोठ्या पुराचं साल. पाणी इतकं की माझी काठी तळाला लागंना, मी हातानं वल्हवत नेली होडी. होडीत म्हातारा शेख, माझा बाप, खयूनचा बाप आणि मी. शेखाला थंडी वाजत होती, त्यानं माझ्या बापाचा लोकरी झगा अंगावर घेतला आणि परत द्यायचं विसरला. शेवटपर्यंत न्हाई दिला, बाप मरेस्तोवर कुरकुरत होता." लोक हसले. "डोहाच्या चारी अंगांना उथळ बघून बोरूच्या मोळ्यांचे खांब रोवले. दक्षिणेचा खांब रोवताना खयूनचा बाप पाण्यात पडला. वर आला तर हातात कासव! म्हणाला, खाली बी कुणीतरी राहतंय, त्यालाबी विचारा हद्द. शेख म्हणाला, डोह ह्यांचा, डोहाच्या पलीकडचं बन तुमचं. दोघांनी माना हलवल्या. मग माझ्या बापानं मासा भाजला आणि आम्ही सगळ्यांनी होडीतच खाल्ला. एवढंच."

जुन्या माणसांचे डोळे भरले होते. कासवाची गोष्ट खयूनच्या बापानंच गावभर केली होती, ती सगळ्यांना ठाऊक होती. खयून चुलीकडं बघत होता.

सय्यद म्हणाला, "साक्ष पुरी आहे. तर मग..."

"एक बोलू का सय्यदसाहेब?" रहीम उठला. आवाज अगदी नम्र. "मोठ्यांचा अपमान करायचा न्हाई मला. ऐकायला ग्वाड वाटलं. पर साक्ष लिवायची कुणाची? शनावाची का वबरियाची? त्यांच्या ओळखपत्रावर काय नाव हाय, ते बघा की."

पन्नास वर्षांत ते नाव मुधीफमध्ये कुणी घेतलं नव्हतं. कॉफीवाल्यानं भांडं खाली ठेवलं. एक म्हातारा गुरगुरला, "गप बस रं शेंबड्या! तुझ्या जन्माआधीपासनं त्यो इथं बसतोय."

"बसू द्या की आजा. मी उठा म्हणलो का? कायदा विचारतोय. एक बाई म्हणजे अर्धी साक्ष. माझ्या बी नऊ म्हशी मरायला टेकल्यात."

शनावाच्या कानात नुसतं घूं-घूं झालं. पासष्टी उलटलेला माणूस आणि चार लोकांत उघडा पडल्यासारखा झाला. त्यानं झग्याची गळपट्टी घट्ट धरली.

सय्यद बिचारा लालबुंद झाला. त्यानं खयूनकडं पाहिलं. "खयून, तुमचं काय म्हणणं?"

"मी त्या साली फौजेत होतो. मी तिथं नव्हतो."

"ते नाही विचारलं मी."

खयूननं ओठ चावला. मग म्हणाला, "पोरगं म्हणतंय तसं करा." आणि खाली बघितलं ते बघितलंच.

सय्यद म्हणाला, "आक्षेप आलाय, मला तो टाळता येत नाही. पण वाट आहे. दुसरी कुणी बाई असेल, जिनं ते खांब उभे पाहिलेत, तर दोघींची मिळून एक साक्ष मी धरतो. डोह तुमचाच राहील." हे बोलताना तो शनावाकडं बघत नव्हता.

मदलूल कानाशी वाकला. "काका... आईनं बघितल्यात खांब. लग्नाच्या होडीतनं. बोलावू का?"

याच पोराला शनावानं पोहायला शिकवलं, भाला धरायला शिकवलं. त्याला सात म्हशी दिसत होत्या, माहेरी गेलेली बायको दिसत होती. शनावालाही दिसत होत्या. सगळ्यात म्हातारी म्हैस आज सकाळी उठता उठेना, शेपूट धरून उभी केली होती. माणसानं आपली अब्रू चाटायची का, घरातली तोंडं उपाशी असताना?

"बोलाव," तो म्हणाला.

"मग रांगेतनं उठावं लागंल," रहीम म्हणाला. "साक्षीला बाया दारात उभ्या ऱ्हात्यात."

शनावा उठला. मदलूलनं आधार द्यायला हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. अकरा कमानींची ती वाट तो हजारदा चालला होता, पण आज ती संपेना. दोन्ही बाजूंच्या माणसांनी पाय आखडून घेतले. दारापाशी येऊन तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला, डोक्यावर ऊन.

फिद्दा आली ती धावतपळत, हात शेणानं माखलेले. मदलूलनं वाटेत सांगितलं होतं तिला सगळं. ती शनावाच्या शेजारी उभी राहिली आणि पदर सारखा केला.

सय्यद म्हणाला, "मदलूलच्या आई, शबूट डोहाचे खांब तुम्ही पाहिलेत?"

"बघितले. चारी बघितले. लगीन होऊन आले त्या दिवशी."

"मग ही वबरिया, तुमची नणंद. तिच्या साक्षीला तुमची साक्ष जोडता ना?"

"कोण?" फिद्दा म्हणाली.

"वबरिया."

"मला नणंद न्हाई सय्यदसाहेब."

मदलूल मागून म्हणाला, "आई!"

"थांब रं. मी लगीन होऊन आले तवा सासूनं मला सांगितलं, एकच दीर हाय तुला, त्यो तुझी होडी आणायला येईल. त्यो आला. सबंध वाटेत मागं वळून बघितलं न्हाई त्यानं, मी लाजंन म्हणून. मदलूल झाला तवा सुईण आणायला रातोरात पाण्यात पडला त्यो माझा दीर. नवरा गेला तवा माझ्या दारात बसून ऱ्हायला त्यो बी माझा दीर. खांबाची शपथ मी आत्ता घेते, दहांदा घेते. पर वबरिया नावाच्या बाईसंगं घेणार न्हाई. त्या बाईला मी कधी बघितलंच न्हाई. खोटी शपथ घेऊन अब्बासला काय तोंड दाखवू?"

"वहिनी," शनावा दबक्या आवाजात म्हणाला, "म्हशी मरत्यात. घे की शपथ. एका घडीचा तर प्रश्न हाय."

"तुम्ही गप बसा भावजी. मोठ्यांच्यात बोलतेय मी."

सय्यदनं डोळे मिटले. न उघडताच म्हणाला, "मग साक्ष अर्धीच राहते. डोह खयूनच्या घराकडं जातो." आणि तो तसाच उठला. नंतर वाढलेलं जेवण तो जेवला नाही म्हणतात. न जेवून काय उपयोग, ते देव जाणे.

बोरूचं घर मोडायला एक दिवस पुरतो. चटया गुंडाळल्या, कमानी सोडल्या, भांडी होडीत रचली. दक्षिणेला मोठ्या नदीच्या कडेला, चार दिवसांच्या वाटेवर, पाणी होतं म्हणे. तिथं आपलं कुणी नव्हतं. मदलूल आईशी बोलत नव्हता. त्यानं म्हशी पुढं काढल्या आणि उरलेल्या ओढ्यातून हाकत निघाला. म्हातारी म्हैस तिथंच राहिली. फिद्दानं तिच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ, आणि मग मागं न बघता होडीत चढली.

होडी सुटणार एवढ्यात काठावर खयून आला. एकटाच. उन्हात चालून घामेघूम.

"शनावाभाऊ," तो म्हणाला. हात नुसतेच उघडे पडले. म्हातारा रडत होता, तोंड न झाकता.

शनावाला वाटलं, काठी घ्यावी आणि हाणावी याच्या डोक्यात. पंचवीस वर्षांच्या माश्यांची, हसण्याची, थंडीतल्या एका पांघरुणाची सगळी वसुली करावी. पण तोंडातून भलतंच आलं.

"डोहाचं उत्तरेचं तोंड गाळानं भरतं. दर हिवाळ्यात उपस. माझा बाप उपसायचा. तू न्हाई उपसलंस तर पुढच्या सालीच खारं होईल."

"उपसतो," खयून म्हणाला.

"पोराला सांगू नको, सवता उतर आत. त्याला गाळ आन् माती वळखायची न्हाई."

त्यानं काठी चिखलात रोवली आणि होडी लोटली. दोन्ही बाजूंना वाळलेला बोरू, करड्या रंगाचा, वारा आला की खडखडायचा. एके काळी या वाटेनं माणूस गेला तर आकाश दिसायचं नाही, इतकं दाट होतं. कितीही मन घट्ट केलं तरी ते आठवायचंच. मग शनावाच्या मनात तीन दिवस साचलेलं बाहेर पडलं.

"काय केलंस हे वहिनी? मी उठलो होतो की! चार लोकांत चालत गेलो, दारात उभा ऱ्हायलो, व्हायची ती नाचक्की झालीच होती. एक शब्द बोलायचा होता तुला. घर गेलं, डोह गेला, पोरगं बोलंना. म्हैस सोडून आलो मागं. कशापायी?"

फिद्दा पुढं बसली होती, पाठमोरी, भांड्यांच्या ढिगाला टेकून.

"म्हशी कुणाच्या?" तिनं विचारलं.

"तुझ्या. माझ्या आईनं तुला दिलेल्या."

"आन् दीर कुणाचा?"

शनावाची काठी थांबली.

"दोन्ही माझंच हाय. त्यातलं काय ठेवायचं आन् काय सोडायचं, ते मी ठरवीन. तुम्ही कोण विचारणार?" तिनं मागं वळून बघितलं नाही. "काठी मारा आता. मदलूल लई पुढं गेला."

शनावानं बाहीनं तोंड पुसलं आणि काठी मारली.